चढ चालत, उतार शिकत

वाचकांचे प्रश्न : रानवाटांवरचं धावणं

मागच्या अंकात मी भीमाशंकर अभयारण्यातल्या वाटांवर धावण्याबद्दल लिहिलं होतं. आंबेगाव तालुक्यातल्या शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवलं आणि निवृत्तीनंतर शहरातून येणाऱ्या धावपटूंना घेऊन याच डोंगरांत जाते. म्हणून त्या लेखात एक गोष्ट ठासून सांगितली होती : डांबरावर धावणाऱ्यांनी जंगलात जरूर यावं, पण किलोमीटरला किती मिनिटं हा हिशोब घरी ठेवून यावं. सगळ्यात जास्त पत्रं त्याच वाक्यावर आली आहेत, काही रागावलेलीही आहेत. सगळी छापता येणार नाहीत. ज्यांच्या उत्तरांचा इतरांनाही उपयोग होईल अशी निवडली आहेत.

नमस्कार मॅडम. मी चिंचवडला असतो, वय ३४. रस्त्यावर दहा किलोमीटर ५८ मिनिटांत धावतो, दोन अर्धमॅरेथॉन झाल्या आहेत. डिसेंबरात आम्ही तिघं मित्र खांडसहून गणेश घाटाने भीमाशंकरला जाऊन त्याच वाटेने परत येणार आहोत. जाऊन-येऊन साधारण १६ किलोमीटर होतील. माझ्या वेगाने दोन तास धरले तर चालेल ना? आणि वेग घरी ठेवा म्हणता, मग प्रगती मोजायची कशी?
— अ. दे., चिंचवड

दोन तास धरू नका. त्या हिशोबाने दुपारी आरामात निघालात तर परतताना घाटातच काळोख होईल, आणि अभयारण्यात सूर्यास्तानंतर थांबायचं नसतं.

हिशोब असा करा. डोंगरी शर्यतींची प्रतवारी ठरवणारी आयटीआरए ही आंतरराष्ट्रीय संघटना एक सोपी रीत वापरते : दर १०० मीटर चढाला सपाटीवरचा एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. खांडस कोकणात, भीमाशंकर घाटमाथ्यावर, मधला चढ सुमारे ८०० मीटर. तुमचे १६ किलोमीटर कष्टाने २४ झाले. त्यात पायाखालची जमीन अजून धरलेलीच नाही. गणेश घाटात दगडधोंडे आहेत, पदरात, म्हणजे घाटाच्या मधल्या सपाटीवर, दाट झाडी आहे, मुरमाचा घसारा आहे, आणि डिसेंबरात पाचोळ्याखाली मुळं दिसत नाहीत. पहिल्यांदा येणाऱ्या तयारीच्या माणसाने जाऊन-येऊन पाच तास धरावेत, उजाडताच निघावं. ओढे आटलेले धरून माणशी दोन लिटर पाणी पाठीवर घ्यावं. आणि शिडी घाटाचा मोह नको. तिथे कड्याला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, ती सावकाश आणि सावधपणे चढायची वाट आहे.

चढ चालायचा. हे मी प्रत्येक तुकडीला सांगते आणि प्रत्येक तुकडीत दोघं-तिघं पहिल्या टेपाडावर धावत सुटतात. आल्प्समध्ये माँ ब्लाँ पर्वताभोवती यूटीएमबी नावाची शर्यत २००३ पासून होते. सुमारे १७० किलोमीटर अंतर आणि सुमारे १०,००० मीटर चढ. तिथे पहिला येणारासुद्धा खडा चढ हातात काठ्या घेऊन चालत काढतो. कारण एका मर्यादेपलीकडे चढ तीव्र झाला, की तेवढ्याच वेगाने धावण्यापेक्षा चालायला कमी शक्ती लागते. कंबरेतून किंचित पुढे झुका, हात मांड्यांवर ठेवून रेटा द्या, पावलं छोटी ठेवा. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की तुम्ही परतीचे पाय आत्ताच खर्च करताय.

खरा अभ्यास उताराचा. रस्त्यावर धावणाऱ्यांना तो कुणी शिकवतच नाही. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. हे काम सपाटीवर फारसं पडत नाही, म्हणून पहिल्या मोठ्या उतारानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. दुखणं चार-पाच दिवसांत जातं. मात्र एकदा असा मार बसला की स्नायू सावरतात आणि पुढच्या काही आठवड्यांत तोच उतार त्यांना तितका बाधत नाही. डिसेंबरच्या आधी दोन महिने उताराची थोडी थोडी सवय लावायची ती यासाठी. तुमच्या जवळ दुर्गा टेकडी आहे, घोरवडेश्वर आहे. आठवड्यातून एकदा घोरवडेश्वरला जा, वर चालत चढा आणि खाली हलकं धावत उतरा. पहिल्या आठवड्यात एकच फेरी. पुढे एका खेपेत दोन फेऱ्या. मग तीन.

उतरताना पाऊल शरीराच्या खाली पडू द्या. टाच पुढे रोवून ब्रेक मारत उतरलात तर धक्का सरळ गुडघ्यात जातो, आणि घसाऱ्यावर तीच टाच आधी सुटते. पावलं आखूड आणि भराभर टाका. हात बाजूला मोकळे ठेवा, शोभेची काळजी करू नका. नजर बुटांवर नको, चार-पाच मीटर पुढे ठेवा, म्हणजे पाऊल कुठे पडणार हे डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. डोळे वर करून झाडं बघायची असतील तर थांबा. शेकरू बघायला तर थांबाच. पळता पळता कुणालाही शेकरू नीट दिसलेलं नाही.

प्रगती मोजायची ती तासांत आणि चढात. या आठवड्यात पायांवर किती तास होतो, किती मीटर चढलो, आणि दुसऱ्या दिवशी जिना कसा उतरलो, या तीन गोष्टी वहीत लिहा. दोन महिन्यांनी वही चाळा. घड्याळातल्या वेगाने सांगितलं नसतं ते ती सांगेल.

बाई, मी नारायणगावजवळच्या गावात राहतो, पोलीस भरतीची तयारी करतोय. आम्ही पाच मुलं पहाटे चारला उसाच्या कडेच्या रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करतो. मागच्या महिन्यात दोनदा बिबट्या दिसला. घरचे सराव बंद कर म्हणतात. जंगलात धावणारे लोक काय करतात?
— एक विद्यार्थी, जुन्नर तालुका

बाळा, सराव बंद करू नकोस, वेळ बदल. उजाडल्यावर धाव. चारला उठण्यात शिस्त आहे हे मला कळतं, पण भरतीची परीक्षा उजेडात होते आणि शरीराला त्याच वेळेची सवय लावणं फायद्याचंच आहे.

आपल्या जुन्नर-आंबेगावचा बिबट्या जंगलातून वाट चुकून येत नाही. तो उसातच जन्मतो, उसातच वाढतो. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, आत पाणी आणि गारवा असतो, बाहेर कुत्री, कोंबड्या, शेळ्या असतात. पकडलेल्या आणि आईपासून तुटलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, शाळेतर्फे परवानगी मिळाली तर पाहून ये. त्या जनावराबद्दल तुझ्या मनात भीतीसोबत माहितीही असू दे.

आता करायचं काय ते. उसाची कड सोडा, शाळेचं मैदान किंवा मोकळा, दोन्हीकडे दिसणारा रस्ता घ्या. पाचही जण एकत्र राहा. शेवटचा मागे पडू देऊ नका, शेवटचा आणि एकटा हाच धोक्यात असतो. कानात इअरफोन नको. बुटाची नाडी बांधायला किंवा लघवीला उसाच्या कडेला खाली बसू नका. उभा माणूस बिबट्याला सहसा भक्ष्य वाटत नाही, वाकलेला किंवा बसलेला माणूस छोटा दिसतो. दिसलाच तर पळायचं नाही. तुम्ही सगळे पळण्यात तरबेज आहात म्हणून हे जास्त जोर देऊन सांगते, कारण पाठ फिरवून पळणाऱ्याचा पाठलाग करणं ही त्याची वृत्ती आहे. एकमेकांना चिकटून उभे राहा, हात वर करा, मोठ्याने बोला आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. दगड मारायचे नाहीत, मोबाईल घेऊन पुढे जायचं नाही. पिल्लं दिसली तर उचलायची नाहीत, आई जवळपासच असते. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, पाचही जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि दिसल्याची खबर प्रत्येक वेळी द्या.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळी धावणाऱ्या वाचकांनीही हे वाचावं. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात २०१५ च्या कॅमेरा-गणनेत आसपासचा परिसर धरून ३५ बिबटे नोंदले होते. कान्हेरीचा डांबरी रस्ता सकाळी गजबजलेला असतो म्हणून चालतं. आतल्या वाटांवर परवानगी आणि वाटाड्याशिवाय शिरणं हा वेगळा प्रकार आहे, आणि तो करू नये.

वय ५८. नाशिकला ब्रह्मगिरी, अंजनेरी चालत चढतो. धावायला लागलो तर गुडघे जातील असं सगळे सांगतात. चढताना त्रास नाही, उतरताना उजवा गुडघा बोलतो.
— र. कु., नाशिक

हौसेपुरतं, मापात धावण्याने निरोगी गुडघे झिजतात याला अभ्यासांचा आधार नाही. मात्र तुमचा गुडघा बोलतोय, तेव्हा आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. संधिवाताची सुरुवात आहे की नुसती मांडी कमजोर आहे हे पत्रावरून कुणी सांगू शकत नाही.

तोवर एक सुचवते. उतार टाळून चढाचा सगळा आनंद घेता येतो. खांडसहून भीमाशंकरला चढून या, दर्शन घ्या, गरम पिठलं-भाकरी खा आणि एसटीने मंचरकडे उतरा. सप्तशृंगीला पायऱ्यांनी चढून गाडीने खाली येता येतं. माझ्या तुकडीतले साठीचे तीन जण असेच येतात आणि त्यांच्या चढाच्या तयारीपुढे तिशीतली मुलं मागे पडतात. काठ्या दोन घ्या, एक नको. उतरताना त्या पावलाच्या आधी खाली टेकल्या तर गुडघ्यावरचा भार हलका होतो. घरी रोज भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसण्याचा व्यायाम करा, दुखलं तर थांबा.

बुटांबद्दल थोडक्यात सांगा. रस्त्यावरचे बूट चालतील का?
— म. शि., कोल्हापूर

कोरड्या, मळलेल्या वाटेवर चालतील. घसारा आणि चिखल असेल तर तळाला चार-पाच मिलिमीटरचे दाते असलेले बूट घ्या, आणि उतरताना बोटं पुढे आपटू नयेत म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा सोडा. शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलाही महागडा तळवा धरत नाही. तिथे बसून उतरायचं.

ताई, मी साताऱ्याची, बँकेत आहे, दोन मुलं आहेत. यवतेश्वर घाटात धावते, सातारा हिल मॅरेथॉन केली आहे. आता कासकडच्या जंगलवाटा खुणावतात. सासरचे म्हणतात, बाईमाणसाने एकटीने रानात जायचं नाही. नवरा म्हणतो, जा, पण मी येऊ शकत नाही. मला राग येतो की पुरुष एकटे जातात तेव्हा कुणी विचारत नाही. तुमचं काय मत?
— एक वाचक, सातारा

तुमचा राग बरोबर आहे. तो ठेवा. आणि एकटं जाऊ नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण रानात एकटं जाऊ नये हे मी पुरुषांनाही तितक्याच ठामपणे सांगते. घोटा मुरगळला, फुरसं चावलं, वाट चुकली, तर मोबाईलला रेंज नसलेल्या नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, दुसरा माणूस हाच उपाय असतो. सासरच्यांना हे याच शब्दांत सांगा : मी बाई म्हणून सोबत घेत नाही, डोंगर आहे म्हणून घेते.

सोबत बायकांची मिळवा. साताऱ्यात धावणाऱ्या बायका भरपूर आहेत, तुमच्यासारखीच प्रत्येकीला एकटीला परवानगी मिळत नाही, चौघी झाल्या की मिळते. पहिल्या खेपेला त्या भागातल्या गावातली एखादी माहितगार बाई पैसे देऊन बरोबर घ्या. गावातल्या बायकांना सरपणाच्या आणि गुरांच्या वाटा पुरुषांइतक्याच, पुष्कळदा जास्त पाठ असतात, आणि त्यांना वाटाड्याची मजुरी क्वचित कुणी देऊ करतं. निघताना घरी कागदावर लिहून ठेवा : कुठून शिरणार, कुठे निघणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. शिट्टी जवळ ठेवा. एका मिनिटात सहा वेळा वाजवून मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा सहा वेळा, हा डोंगरातला मदतीचा इशारा आहे. पाळी चालू असताना धावण्याला शरीराचा विरोध नसेल तर बाहेरच्या कुणाचा असू नये. वापरलेलं पॅड कागदात, मग पिशवीत गुंडाळून परत आणायचं, रानात पुरायचं नाही.

कासच्या पठाराबद्दल वेगळं सांगते. पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. पठारावरची माती बोटभर जाडीची, खाली कातळ. एका पावलाने दबलेल्या जागी पुढच्या वर्षी फूल येईलच असं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे धावण्याचा विचारही नको. तुम्हाला हव्या त्या वाटा पठार सोडून, झाडीत आहेत. कोयनेचं अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून लाँचने, वनविभागाची परवानगी काढून, चालत. ती धावण्याची जागा नाही.

आणि घरी एक गोष्ट सांगा. ब्रिटनची जास्मिन पॅरिस २०१९ च्या जानेवारीत ४३१ किलोमीटरची स्पाइन रेस बायका-पुरुष मिळून सगळ्यांत पहिली आली. तिची मुलगी तेव्हा १४ महिन्यांची होती, वाटेतल्या थांब्यांवर ती दूध काढून ठेवत होती. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या टेनेसीच्या फ्रोझन हेड या डोंगराळ, काटेरी रानात तिने बार्कली शर्यत ६० तासांच्या मुदतीत ९९ सेकंद राखून पुरी केली. तोवर एकाही बाईला ती पुरी करता आली नव्हती, आणि पुरुषांतही पुरी करणारे वीसच्या आत होते. तुम्ही दोन मुलं आणि बँक सांभाळून घाट धावता. रानवाट तुमच्या आवाक्यातली आहे.

आमचा ठाण्यातला रनिंग ग्रुप जुलैत भीमाशंकरच्या जंगलात 'मॉन्सून ट्रेल रन' करणार आहे, साधारण ४० जण. वाटेवर रिबिनी बांधणार, मध्ये चहा-वड्याचा स्टॉल, शेवटी स्पीकरवर गाणी. काही सूचना?
— एक आयोजक, ठाणे

सूचना एकच महत्त्वाची : हे असं करू नका.

अभयारण्य म्हणजे बाग नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे शिरायला परवानगी लागते, आणि ४० जणांच्या कार्यक्रमाला तर नक्कीच लागते. ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी मागा. 'गाववाल्यांशी बोललोय' म्हणजे परवानगी नव्हे. नाही म्हणाले तर नाही.

भीमाशंकरचं रान १९८५ साली राखलं गेलं ते मुख्यतः शेकरूसाठी. आपला राज्यप्राणी. शेकरू जमिनीवर क्वचित उतरतं. एका झाडावरून दुसऱ्यावर फांद्या-फांद्यांतून जातं आणि एकच जोडी आजूबाजूच्या झाडांवर अनेक घरटी बांधून ठेवते. त्याला सलग छत्रासारखी झाडी लागते आणि शांतता लागते. तुमचा स्पीकर त्या रानात एका तासात जी धास्ती पेरेल, ती तुम्ही ठाण्यात पोचल्यावरही तिथेच राहील. गाणी गाडीत लावा. रिबिनी बांधल्या जातात जोरात आणि काढल्या जातात कधीच नाहीत. आहुप्याच्या बाजूला देवराईत प्लास्टिकच्या पिवळ्या चिंध्या झाडांना लोंबताना मी पाहिल्या आहेत. ज्या रानातून पिढ्यान्पिढ्या फांदी तोडायची नाही असा दंडक लोकांनी पाळला, तिथे या चिंध्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

ही वाट तुमच्यासाठी कुणी आखलेली नाही, हेही लक्षात घ्या. महादेव कोळी लोक तिच्यावरून हिरडा आणतात, गुरं नेतात, मुलं शाळेत जातात. डोक्यावर मोळी घेतलेली बाई समोरून आली तर धावणाऱ्याने वाट सोडून उभं राहायचं, तिने नाही. चहा-वड्याचा स्टॉल तुम्ही ठाण्याहून आणण्यापेक्षा वाटेवरच्या वाडीतल्या घरात आधी सांगून भाकरी-पिठलं करून घ्या, पैसे ठरवून द्या.

आता पावसाचं. जुलैत घाटमाथ्यावर दिवसचे दिवस धुकं असतं, पन्नास पावलांवरचा माणूस दिसत नाही. कातळ शेवाळतात. कोरड्या दिवशी ओलांडलेला ओढा तासाभराच्या पावसात छातीएवढा होतो. पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर थांबायचं, वरचा पाऊस उघडला की ते उतरतं. दोर धरून ओलांडण्याचा पराक्रम नको. आणि थंडी. आपल्याकडे थंडीने कोण मरतं, असं लोक म्हणतात. भिजलेलं अंग, वारा आणि दमलेलं शरीर यांना बर्फ लागत नाही. मे २०२१ मध्ये चीनच्या कान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत दुपारी अचानक थंड वारा, पाऊस आणि गारा आल्या. बरेच जण अर्ध्या चड्डीत आणि पातळ टी-शर्टात होते. २१ धावपटू मेले. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या आसऱ्याच्या गुहेत शेकोटीजवळ नेऊन वाचवलं. कुणी थरथरायला लागला, बोलणं अडखळायला लागलं, पाय वेडेवाकडे पडायला लागले, की त्याची शर्यत तिथे संपली. ओले कपडे काढा, कोरडं घाला, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, गोड गरम पाजा, एकटं सोडू नका.

तुम्हाला खरंच रान दाखवायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, दहा-दहाच्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीबरोबर गावातला एक माहितगार घ्या. अशा तुकडीबरोबर मी स्वतः येईन.

नमस्कार. मी मूळचा सोलापूरचा, तीन वर्षं फ्रायबुर्गला आहे. घरामागेच दक्षिण ब्लॅक फॉरेस्टचं निसर्ग उद्यान सुरू होतं. इथे कुणी परवानगी विचारत नाही, वाटांवर खुणा आहेत, बिबट्या नाही. म्हणजे बिनधास्त धावायचं ना?
— एक वाचक, फ्रायबुर्ग, जर्मनी

तुमचा हेवा वाटतो. माझी भाची तिथे शिकत होती तेव्हा शाउइन्सलांडच्या बाजूच्या वाटांवर मी धावले आहे. उंच फरच्या झाडांखाली पडलेल्या सुयांचा थर इतका मऊ असतो की स्वतःच्या पावलांचा आवाज येत नाही.

तिथे विरंगुळ्यासाठी जंगलात पायी फिरण्याचा हक्क कायद्यानेच सगळ्यांना दिलेला आहे, म्हणून कुणी विचारत नाही. वाटांच्या खुणा श्वार्त्सवाल्डफेराइन या १८६४ पासूनच्या संस्थेचे स्वयंसेवक रंगवतात आणि दुरुस्त करतात. पत्त्यांतल्या चौकटसारखी लाल खूण म्हणजे वेस्टवेग ही लांब पायवाट, फोर्त्सहाइमपासून बाझेलपर्यंत सुमारे २८५ किलोमीटर. ती खूण धरून तुम्ही दिवसचे दिवस धावू शकता. जमलं तर त्या संस्थेबरोबर एखादा शनिवार खुणा रंगवायला जा. भाषाही सुधारेल, माणसंही मिळतील.

बिनधास्त मात्र नको. तिथलं धोक्याचं जनावर तिळाएवढं आहे : गोचीड. ती गवतावर आणि खालच्या झुडपांवर बसलेली असते, पोटरीवरून चढते आणि गुडघ्यामागे, जांघेत, काखेत चिकटते. तिच्यामुळे दोन आजार होतात. एक मेंदू आणि त्याच्या आवरणाचा, ज्याला तिथे एफएसएमई म्हणतात. त्यावर लस आहे, तीन मात्रांची. तुम्ही राहता तो भाग धोक्याच्या यादीत आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारून घेऊन टाका. दुसरा बोरेलिओसिस, म्हणजे लाइमचा आजार, त्यावर लस नाही. धावून आल्यावर आंघोळीच्या वेळी सगळं अंग तपासा, गोचीड असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-बिल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर लगेच डॉक्टर.

फेल्डबेर्ग, १,४९३ मीटर, हा त्या डोंगररांगेचा माथा. तिथे राखीव क्षेत्रात वाट सोडायची नाही. आउअरहून नावाचा मोठा रानकोंबडा तिथे कमी कमी होत चालला आहे. हिवाळ्यात तो पाइन-फरच्या सुयांवर कसाबसा तग धरतो. धावणारा माणूस झाडीतून अचानक आला की तो उडतो, आणि त्या एका उड्डाणात त्याची जी शक्ती जाते ती त्या अन्नातून लवकर भरून निघत नाही. बिबट्या नसलेल्या रानातही आपल्यामुळे घाबरणारं कुणी असतंच.

धावताना घोटा मुरगळला तर तिथल्या तिथे काय करायचं? आणि खायला काय न्यावं?
— स. भो., पुणे

खाण्याचं आधी. दीड तासाच्या पुढे जायचं असेल तर दर अर्ध्या तासाला थोडं खा : राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की. परदेशी जेलच्या पाकिटांत जी साखर असते तीच इथे आहे, आणि रिकामं पाकीट रानात पडत नाही. तहान लागेल तसं पाणी प्या. मीठ न घेता लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसणंही घातक असतं, रक्तातलं मीठ उतरतं. लिंबू-साखर-मीठ घातलेली एक बाटली असू द्या.

घोटा मुरगळला की बूट काढायची घाई करू नका. काढल्यावर सूज चढली तर परत पायात जात नाही आणि चालायचं तर असतं. आधी बसा, पाच मिनिटं थांबा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर आणि टोकावर बोटाने दाबून बघा. मग दुसऱ्याच्या आधाराने उभे राहून त्या पायावर वजन टाकून चार पावलं चालून बघा. हाडावर दाबल्यावर कळ येत असेल किंवा चार पावलं चालवत नसेल, तर हाड मोडलेलं असू शकतं, एक्स-रे काढायलाच हवा. चालता येत असेल तर बुटावरूनच इंग्रजी आठच्या आकड्यासारखा क्रेप बँडेज गुंडाळा, काठी घ्या आणि सगळ्यात जवळच्या रस्त्याकडे चालत निघा. ज्या वाटेने आलात तीच जवळची असते असं नाही, बरोबरच्या गावकऱ्याला विचारा. रस्त्यावर पोचलात आणि गाडी नसेल तर १०८ ला फोन करून जवळच्या गावाचं आणि फाट्याचं नाव सांगा. दोन आठवड्यांनी दुखणं गेलं की रोज दात घासताना त्या एका पायावर उभे राहा. आधी डोळे उघडे ठेवून, मग दुसऱ्या हाताने बेसिन धरून डोळे मिटून.